स्वयंपाकघरातली कात्री काही महिन्यांतच चावायला लागते? धारेआधी खिळा बघा

पहिले दोन-चार महिने कात्री सुरेख चालते. पाल्याचे देठ, पाकिटांचे कोपरे, कोंबडीची कातडी, सगळं सरसर कापलं जातं. मग हळूहळू कुरकुर सुरू होते. प्लास्टिकची पातळ पिशवी कापायला जावं तर ती दोन पात्यांच्या मधे दुमडून बसते. कोवळी पानं कापली जाण्याऐवजी चेंगरतात आणि काळी पडतात. कात्री चावायला लागली असं म्हणून आपण ती बाजूला टाकतो, नवी आणतो. काही महिन्यांनी नवीचंही तेच.

माझ्याकडे हे लागोपाठ तीन कात्र्यांच्या बाबतीत झालं. चौथीला धार लावून आणली, तरी ती चावतच राहिली. त्या दिवशी घरी येऊन एक पिशवी कापत होते. वैतागून अंगठा जरा जोरात बाहेर रेटला गेला आणि पिशवी एकदम स्वच्छ कापली गेली. अंगठा सैल सोडला की पुन्हा दुमडणं. म्हणजे धार होतीच, पाती एकमेकांना भेटत नव्हती. दोष खिळ्याचा, म्हणजे दोन पाती जिथे जोडलेली असतात त्या सांध्याचा होता. आधीच्या तीनपैकी निदान दोन कात्र्या मी विनाकारण टाकल्या होत्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

कात्री कापते कशी, हे आधी

चाकू धारेने चिरतो. कात्रीत दोन पाती एकमेकांना घासून पुढे जातात; मधली वस्तू एका पात्याने वर आणि दुसऱ्याने खाली ढकलली जाते आणि तिथे तुटते. म्हणून चाकूची कड प्रत्येक बाजूने साधारण १५ ते २० अंशांत घासलेली असते, तर स्वयंपाकघरातल्या कात्रीची कड ५० ते ७० अंशांची, म्हणजे चांगलीच जाड असली तरी भागतं. मात्र दोन कडांमध्ये कागदाएवढी फट राहिली तरी सगळं बिघडतं. पातळ, लवचीक वस्तू त्या फटीत वाकून शिरते. जाड पुठ्ठा मात्र शिरू शकत नाही, तो कापला जातो. त्यामुळेच बिघडलेली कात्री पुठ्ठा कापते आणि पिशवी कापत नाही, आणि आपण गोंधळतो.

कात्री पूर्ण मिटा, उजेडाकडे धरा आणि पात्यांच्या कडेने बघा. खिळ्याजवळ आणि टोकाला पाती टेकलेली दिसतील, मधे मात्र उजेडाची बारीक रेघ दिसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा दोष वाटतो. पण पाती मुद्दामच किंचित बाकदार केलेली असतात. कात्री मिटताना ती कुठल्याही क्षणी एकाच ठिकाणी एकमेकांवर दाबली जातात, आणि ती जागा खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जाते. हा दाब टिकवून धरायचं काम खिळा करतो. तो केसभर ढिला झाला की बाक असूनही दाब उरत नाही.

उजेडाची रेघ अजिबात दिसत नसेल, पाती आरशासारखी सपाट एकमेकांवर बसत असतील, तर ती कात्री घेऊ नये. टोकाला फट दिसत असेल तर ती पडलेली किंवा वाकलेली आहे.

दोष कुठे आहे ते ओळखा

सगळ्यात आधी वर सांगितलेली अंगठ्याची युक्ती. पातळ पिशवी किंवा ओला टिश्यू पेपर घ्या. एकदा नेहमीसारखं कापा. मग कापताना अंगठा तळहातापासून दूर रेटा आणि खालची बोटं तळहाताकडे ओढा. असं केल्याने पाती एकमेकांवर दाबली जातात. या वेळी नीट कापलं गेलं तर धार शाबूत आहे, सांधा ढिला आहे. तरीही दुमडलंच तर धारेकडे वळा. कोरडा कागद या चाचणीला चालत नाही, तो वाईट कात्रीनेही कापला जातो.

दुसरी चाचणी मूठ सोडून बघायची. एक मूठ धरून कात्री आडवी ठेवा, दुसरी मूठ उचलून पाती काटकोनात उघडा आणि ती मूठ सोडून द्या. ती थोडी खाली येऊन मधेच कुठेतरी थांबली तर सांधा ठीक आहे. धाडकन मिटली तर ढिला. जागची हललीच नाही तर फार आवळलेला किंवा आत घाण साचलेली. दोन भाग वेगळे होणाऱ्या कात्र्या मुळातच थोड्या सैल असतात, त्यांना या चाचणीत थोडी सूट द्या. मात्र त्याही खडखडता कामा नयेत. दोन्ही हातांत एकेक पातं धरून बाजूला हलवून बघा. खिळ्यापाशी टकटक जाणवली तर झीज झाली आहे.

मग धार. दिव्याखाली पात्याची कड डोळ्यांसमोर धरा. चांगल्या धारेवरून उजेड परत येत नाही, बोथट जागा चमकत्या रेघेसारखी दिसते, खाच असेल तर चमकता ठिपका. कडेवरून कापसाचा बोळा हलकेच ओढला तर खाचेत तंतू अडकतात. बोट फिरवून बघू नका.

सांधा ढिला असेल तर

आवळण्याआधी धुवा. हे मी आग्रहाने सांगते, कारण निम्म्या वेळा इथेच काम होतं. खिळ्याभोवती पात्यांच्या मधे वाळलेल्या चरबीचा, पिठाचा, चिकटपट्टीच्या गोंदाचा थर साचतो. तो कागदाएवढा जाड असला तरी पाती लांब राहतात. कात्री पूर्ण उघडून गरम पाणी, साबण आणि जुन्या टूथब्रशने सांधा घासा. गोंद साबणाने जात नाही. त्यावर थोडं खाद्यतेल चोळून पाच मिनिटं थांबा, पुसा आणि मग तेल साबणाने धुऊन काढा. कोरडं करून पुन्हा पिशवी कापून बघा.

त्यानेही भागलं नाही तर पुढचं सगळं सांध्याच्या प्रकारावर आहे.

स्क्रू असेल तर नशीब चांगलं. खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या, लहान घेतला तर खाच सोलवटते. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग एवढंच फिरवा आणि दर वेळी कापून बघा. एकदम घट्ट आवळलं तर पाती एकमेकांना खरवडतात आणि आहे ती धारही जाते.

रिव्हेट असेल, म्हणजे दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेला गुळगुळीत खिळा, तर एका बाजूचं डोकं ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर टेकवा आणि दुसऱ्या डोक्यावर गोल तोंडाच्या हातोडीने हलक्या दोन-तीन टिचक्या मारा. ठोकायचं नाही, टिचक्याच. पात्यांना कापड गुंडाळून घ्या. जास्त आवळला गेला तर थेंबभर तेल घालून पन्नासेक वेळा उघडझाप करा, बहुतेक वेळा मोकळा होतो.

दोन भाग वेगळे होणाऱ्या कात्रीत मात्र आवळायला काहीच नसतं. एका पात्यावर बोंड असतं, दुसऱ्यात त्याला बसणारी खाच. झीज झाली की झाली. या कात्र्यांची जाहिरात स्वच्छतेची असते आणि ती खरीही आहे, पण ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. त्यामुळे अशी कात्री घेताना बोंड आणि खाच किती जाड आहेत हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. पत्रा वाकवून केलेली खाच वर्षभरात पसरते. जाड पात्यातच कोरलेली खाच वर्षानुवर्षं टिकते.

आवळलं तरी पुन्हा ढिली होते?

मग ती वापरताना पिळली जाते आहे. मुठींच्या मधे अक्रोड फोडायचे दाते असतात, बाटलीचं झाकण काढायची खाच असते, टोकाला पेचकस असतो. ही सगळी कामं केली की त्यांचा जोर फिरून खिळ्यावरच येतो. माझी पहिली कात्री याच दात्यांनी गेली, आता मला खात्री आहे. कात्री कापायला ठेवा. अक्रोड फोडायला दुसरं काही घ्या.

दुसरं कारण हाडं. हाड पात्यांना नुसतं अडवत नाही, बाजूला ढकलतं. आपण जोर लावताना मनगट वळवतो आणि पाती एकमेकांपासून फाकतात. कोंबडी कापायची असेल तर हाडाच्या मधून न कापता सांध्यातल्या कुर्चेतून कापा, आणि वस्तू टोकाशी न धरता खिळ्याजवळ आत सरकवा. यामागचं गणित अगदी सोपं आहे. हाताची पकड खिळ्यापासून १० सेंटीमीटरवर असेल आणि वस्तू खिळ्यापासून २ सेंटीमीटरवर, तर हाताच्या जोराच्या पाचपट जोर तिच्यावर पडतो. तीच वस्तू ८ सेंटीमीटरवर, टोकाकडे धरली तर सव्वापटच. टोकाने हाड कापायला जाणं म्हणजे चौपट कष्ट घेऊन कात्री मोडणं.

रोज कोंबडी कापणाऱ्या घरात त्यासाठीची वेगळी कात्री हवी: लांब मुठी, आखूड आणि बाकदार जाड पाती, आपोआप उघडणारी स्प्रिंग, खालच्या पात्यात हाड अडकवायची खोबण. खोबण असल्याने हाड पुढे घसरत नाही. हिने पानं कापायला जाऊ नका, ती त्या कामाची नाही.

खरंच धार गेली असेल तर

कात्रीच्या पात्याला दोन अंगं असतात. बाहेरच्या अंगावर तिरकी घासलेली अरुंद पट्टी असते, आणि आतलं अंग, जे दुसऱ्या पात्याला घासतं. धार फक्त बाहेरच्या तिरक्या पट्टीवर, तिचा मूळ कोन सांभाळून लावायची. आतलं अंग कधीही घासायचं नाही. ते घासलं की कड आत सरकते, बाक बिघडतो आणि पाती कायमची लांब जातात. चाकू ओढून धार लावायचं जे छोटं खाचेचं यंत्र मिळतं ते कड दोन्ही अंगांनी घासतं. कात्री त्यात घालू नका. दगडावर घासल्यावर आतल्या बाजूला उभी राहिलेली बारीक कणी कात्री चार-सहा वेळा हळू उघडझाप केली की निघून जाते.

एका पात्याला बारीक दाते असतील तर त्या पात्याला हात लावू नका. ते दाते निसरडी वस्तू, मांस किंवा कातडी, पुढे घसरू देत नाहीत. दगडाने ते सपाट होतात. दुसरं, गुळगुळीत पातं तेवढं घासा.

अ‍ॅल्युमिनियमची फॉईल कापल्याने कात्रीला धार येते असं सगळीकडे सांगतात. फॉईलने कडेवरची बारीक कणी थोडी सरळ होते आणि चिकटलेलं काही असेल तर पुसलं जातं. एक-दोन दिवस बरं वाटतं, बोथट कड त्याने धारदार होत नाही. पॉलिश पेपर कापणं मात्र वाईटच, त्याचे कण आतलं अंग ओरखडतात.

चाकावर धार लावून घेतलीत तर परत आल्यावर कड नीट बघा. निळसर किंवा तपकिरी पट्टा दिसला तर पोलाद तापून तिथे मऊ पडलं आहे आणि ती धार टिकणार नाही.

गंज

‘स्टेनलेस’ पोलाद गंजत नाही हा गैरसमज आहे, ते उशिरा गंजतं. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो खालच्या लोखंडाला जपतो. मिठातला क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडतो, म्हणून टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. खिळ्याच्या फटीत ओल अडकते, हवा पोचत नाही, थर पुन्हा सांधला जात नाही. त्यामुळे कात्री बाहेरून लखलखीत आणि सांध्यात गंजलेली असते. खारट, आंबट काही कापलं की लगेच धुवा आणि उघडी ठेवून वाळवा. डिशवॉशरमध्ये घालायची तर भाग वेगळे करूनच, आणि काम संपलं की लगेच बाहेर काढून पुसा. तासन्‌तास दमट वाफेत ठेवू नका.

सांध्याला तेल घालायचं तर खाण्यायोग्य खनिज तेल, एक थेंब. स्वयंपाकाचं तेल काही आठवड्यांत चिकट होतं आणि सांध्यातला वर सांगितलेला घाणीचा थर पुन्हा जमतो.

कच्च्या मांसाचं निराळं. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे कच्च्या कोंबडीवर असू शकणारे जंतू सांध्यात साचलेल्या रसात राहतात, आणि तीच कात्री नंतर कच्च्या पानांना लागते. भाग वेगळे न होणाऱ्या कात्रीने कच्चं मांस कापू नये, असं माझं ठाम मत आहे. नुसती पाण्याखाली धरून ती आतून स्वच्छ होत नाही.

डावखुऱ्यांसाठी

माझी धाकटी बहीण डावखुरी आहे. लहानपणी तिने काही कापलं की कडा फाटलेल्या, वाकड्या. तिच्या हाताला वळण नाही असं आम्ही सगळे म्हणत असू, मीही. कात्रीचा खिळा समजून घेताना मला तिचं ते कापणं आठवलं आणि सगळा उलगडा झाला. उजव्या हाताने मूठ दाबताना अंगठा आपसूक बाहेर रेटतो आणि बोटं आत ओढतात. नेहमीच्या कात्रीची पाती अशी रचलेली असतात की त्या जोराने ती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती फाकवतो. शिवाय वरचं पातं कापायच्या रेषेवर येतं, रेष दिसतच नाही. तिला आयुष्यभर ढिली कात्रीच मिळत होती.

‘दोन्ही हातांसाठी’ असं लिहिलेल्या कात्रीत बहुधा मुठीचा आकार तेवढा दोन्ही हातांना चालणारा असतो, पाती उजव्याचीच. खरी डावी कात्री आरशातल्या प्रतिमेसारखी असते: टोक समोर करून धरली तर डावीकडचं पातं वर. नेहमीच्या कात्रीत उजवीकडचं वर असतं. डावखुऱ्या माणसाला कात्री नेहमीच चावत असेल तर दुरुस्ती करत बसू नका, डावी कात्री आणून द्या. बहिणीला मी आणून दिली तेव्हा ती बराच वेळ नुसता कागदच कापत बसली होती.

नवी घेताना

इथवर वाचलंत तर काय बघायचं ते कळलंच असेल: आधी सांधा, मग उजेडाची रेघ, मग टोकापर्यंत कापते का. चांगली कात्री ओला टिश्यू अगदी टोकाशीही स्वच्छ कापते. बऱ्याचशा कात्र्या शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरला हार मानतात.

एकच घ्यायची आणि घरी मांसमच्छी होत असेल तर भाग वेगळे होणारी घ्या. पण ते काटकोनाच्या पुढे उघडल्यावरच वेगळे होणारे हवेत. कमी कोनात सुटणारी कात्री काम करताना हातात निखळते. मांस कापायचं नसेल तर स्क्रूची घ्या, ती वर्षानुवर्षं आवळता येते. मी दोन्ही ठेवते आणि दोघींची कामं वेगळी आहेत.

पात्यावर काय कोरलंय तेही वाचा. नुसतं ‘स्टेनलेस’ म्हणजे काहीच सांगितलं नाही. ‘१८/१०’ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल. ते भांड्यांना आणि चमच्यांना उत्तम, पण तापवून कठीण करता येत नाही, पात्याला नको. ‘४२०’ जातीचं पोलाद नेहमीच्या वापराला ठीक. ‘१.४११६’ हा आकडा दिसला तर आणखी बरं, त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १४ ते १५ टक्के क्रोमियम असतं. कठीणपणा दिला असेल तर रॉकवेल मापावर ५४ ते ५८ चांगला. जवळ लोहचुंबक असेल तर लावून बघा: पात्याला चिकटलाच पाहिजे. चिकटला म्हणजे पोलाद चांगलंच असं मात्र नाही, कठीण न होणाऱ्या काही जातींनाही तो चिकटतो.

मुठीबद्दल थोडक्यात. प्लास्टिकची मूठ म्हणजे हलक्या दर्जाची कात्री असं समजू नका. फिनलंडच्या फिस्कार्स कंपनीने १९६७ मध्ये नारिंगी प्लास्टिकच्या मुठीची कात्री आणली, आणि तशा कात्र्या आजही उत्तम चालतात. पात्याचं पोलाद मुठीच्या आत किती खोल गेलंय ते महत्त्वाचं. मूठ दाबून वाकत असेल तर सोडून द्या. खालच्या कडीत तीन बोटं सैल मावली पाहिजेत आणि हात ओला करून धरली तर घसरता कामा नये.

हातात न घेता, फोटो बघून मागवायची असेल तर सांध्याचा जवळून काढलेला फोटो नसलेली कात्री मी घेत नाही. आणि घरी आल्या दिवशीच, परत करायची मुदत असताना, ओला टिश्यू घेऊन ती टोकापर्यंत चालवून बघते.